छबूचं सांगितलं, स्नेहलचं नाही

नांदे गावात आम्ही दोन वर्षं भाड्यानं राहिलो. २००८च्या जूनमध्ये गेलो, २०१०च्या मे महिन्यात सोडलं. मनीषची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी हिंजवडीत होती. मला तेव्हा नोकरी नव्हती. घरमालकाचं नाव कैलास. शेताच्या कडेला ओळीनं सहा खोल्या बांधून त्यानं त्या आमच्यासारख्यांना दिल्या होत्या. समोरच्या घरात तो, त्याची बायको स्नेहल, दोन मुली आणि आईवडील राहायचे.

कैलास आपल्या आईशी बोलत नाही हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. काही सांगायचं असलं की तो बायकोला सांगायचा, आई समोर बसलेली असतानाच. "तिला म्हणावं, मीटर बघायला माणूस येणार हाय." आई ऐकायची, मान हलवायची आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायची.

ही गोष्ट त्या आईची, तुळजाबाईची. तिनं ती मला एका बैठकीत सांगितली नाही. पावटे सोलताना, गवारीच्या शिरा काढताना, दुपारच्या वेळी तुकड्यातुकड्यानं सांगितली. तिच्या आवाजात चढउतार नसायचा. मी एकदा मध्येच रडले. ती थांबली, माझं रडणं संपू दिलं आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढे सांगू लागली.

लातूरकडच्या डॉक्टर हेमलता यांनी १९९८ साली घोटावडे फाट्याजवळ सहा खाटांचं प्रसूतिगृह काढलं. तुळजाबाई तेव्हा चाळिशीत होती. तिची स्वतःची चार बाळंतपणं झाली होती, त्यातला एकटा कैलास जगला होता. गावातल्या बायका अडल्या की तिला बोलवायच्या, म्हणून कुणीतरी डॉक्टरीणबाईंना तिचं नाव सुचवलं आणि ती तिथं आया म्हणून लागली. फरशी पुसायची, चादरी धुवायच्या, बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, बाळाला तेल लावायचं. आणि जिला मूल नको असेल तिचं काम असलं की तिच्या उशाशी बसायचं, नंतर भांडं घेऊन मागच्या दारानं जायचं. आवारात झाकणाचा खोल खड्डा होता. पुढे दवाखान्याच्या कचऱ्यासाठी पिवळ्या पिशव्या आल्या आणि त्या न्यायला गाडी यायला लागली.

"पहिल्या खेपेला मी बघितलं," ती मला म्हणाली. "दुसऱ्या खेपेला बी बघितलं. मंग बघायची गरज पडंना. हात आपले आपण करत व्हते."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी तिला एक गोष्ट बजावली होती. "तुळजाबाई, इथं येणाऱ्या बाईला कारण विचारायचं नाही. फॉर्मवर जेवढं विचारलंय तेवढं मी विचारीन. शरीर तिचं आहे, पुढचं आयुष्य तिला काढायचंय. आपण तिचा न्यायनिवाडा करायला बसलेलो नाही." त्यांच्या लहानपणी शेजारची सतरा वर्षांची मुलगी कुणीतरी दिलेल्या झाडपाल्यानं तीन दिवस तळमळून गेली होती. तिच्या घरच्यांनी डॉक्टरला बोलावलं नव्हतं, कारण डॉक्टर विचारील आणि सांगावं लागेल. बाईंनी हे एकदाच सांगितलं, पण त्यांचं सगळं वागणं त्यातून आलं होतं.

अडचण अशी होती की बाई विचारत नसत, आणि तुळजाबाईला न विचारता कळायचं. बायका तिच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायच्या. तिच्याकडे पेन नव्हतं, कागद नव्हता. सलाइन लागलेली बाई छताकडे बघत पडायची आणि थोड्या वेळानं आपण होऊन बोलायला लागायची. कुणाला दोन लेकरांच्या पाठोपाठ तिसरं झेपणार नव्हतं. कुणाचा नवरा मारायचा. आणि काही जणी चौथा महिना ओलांडून यायच्या. त्यांना दोन मुली असायच्या आणि बरोबर सासू असायची. फॉर्मवर मात्र 'संततिनियमनाचं साधन निकामी ठरलं' एवढंच लिहिलेलं असायचं. प्रसूतिगृहात सोनोग्राफीचं मशीन नव्हतं. त्या बायका दुसरीकडून कुठूनतरी मुलगा का मुलगी ते बघून आलेल्या असायच्या. कुठून, ते तुळजाबाईनं कधी विचारलं नाही.

"तुम्हाला वाईट नाही वाटायचं?" मी विचारलं.

तिनं हातातल्या शेंगेची शीर ओढून काढली. "सुरवातीला काय वाटायचं ते मला आता आठवत न्हाई. पाय मुडपून बसलं की मुंग्या येत्यात न्हाई का? मंग मुंग्या बी जात्यात आन पाय आपला हाय का न्हाई तेच कळत न्हाई. तसं."

असं साडेतीन वर्षं चाललं. मग नेरे गावातली छबू आली.

ते २००१ साल होतं. छबू चोवीस-पंचवीस वर्षांची, अंगानं बारीक. दोन मुली घरी होत्या, आता सोळावा आठवडा होता. सासू गोजराबाई बरोबर होती, पण तिला बाहेर बाकावर बसवलं होतं. बारा आठवड्यांच्या पुढं असलं की दुसऱ्या डॉक्टरची सही लागते, ते पौडहून दुपारी यायचे होते. तोवर छबूला आतल्या खोलीत निजवलं होतं. तुळजाबाई तिची साडी घडी करून ठेवत होती.

"पोरगीच हाय म्हणं," छबू म्हणाली.

तुळजाबाईनं साडीची आणखी एक घडी घातली.

"परत पोरगी झाली तर ह्यांचं दुसरं लगीन लावायचं ठरलंय. पोरगी बघून बी ठेवलीया. लवकर उरकून टाक म्हणावं बाईला."

आणि तुळजाबाईनं तिला विचारलं, "तुला काय वाटतंय?" का विचारलं ते तिला आजही सांगता येत नाही. त्याआधी असं कित्येक जणींनी सांगितलं होतं, तिनं कुणालाच विचारलं नव्हतं.

छबूनं तिच्याकडे बघितलं. "मला कुटं कुणी इचारतंय," ती म्हणाली. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

तुळजाबाईनं घडी केलेली साडी खुर्चीवर ठेवली, बाहेर आली आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन म्हणाली, "मॅडम, ती पोरगी हाय म्हणून पाडायला आलीया."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही मला हे का सांगितलंत?"

"ठावं न्हाई."

"आता मला कळलंय. कळल्यावर मला ते करता येणार नाही." त्या उठून आत गेल्या. तुळजाबाई दारात उभी राहिली. बाईंनी छबूला समजावून सांगितलं की हे काम त्यांना करता येणार नाही, कायद्यात बसत नाही, आणि त्यांच्या मनालाही पटत नाही. घरच्यांशी मी बोलते, हवं तर पोलिसांची मदत घेऊ, असंही म्हणाल्या. छबू उठून बसली. तिनं बाईंकडे बघितलंच नाही. तुळजाबाईकडे बघून म्हणाली, "मी तुला बाईमाणूस समजून सांगितलं."

तेवढंच. साडी नेसली आणि सासूबरोबर निघून गेली. बाहेर गोजराबाई काहीतरी मोठ्यानं बोलत होती, ते रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाई आणि तुळजाबाई मागच्या पायरीवर चहा घेत बसल्या होत्या. असं त्या कधी बसत नसत. त्या संभाषणातला शब्द न् शब्द तुळजाबाईला पाठ होता.

"मॅडम, मागल्या आठवड्यात ती कंपनीतली पोरगी आलती. नवरा-बायकोला परदेशी जायाचं व्हतं म्हणून. तिचं केलं आपण."

"हो."

"ती अडीच महिन्यांची व्हती, ही चार महिन्यांची. म्हणून न्हाई केलं का?"

"नाही. चार महिन्यांच्या कितीतरी केल्यात आपण. कायदा वीस आठवड्यांपर्यंत सांगतो."

"मंग कारण वाईट हाय म्हणून? काम तर तेच हाय. भांडं तेच हाय. कारणानं त्यातलं जे काय असतंय ते बदलतं का?"

बाईंनी कप खाली ठेवला. "ते बदलत नाही. पण मुलगी म्हणून काढून टाकायचं म्हणजे बाई म्हणून जन्मणंच चूक आहे असं म्हणणं. त्याला मी हात लावला तर तुमच्या, माझ्या, तिच्या स्वतःच्या विरुद्ध हात उचलल्यासारखं आहे. आणि दुसरं म्हणजे, त्या कंपनीतल्या मुलीनं स्वतः ठरवलं होतं. छबूला कुणी विचारलंच नव्हतं."

"आपण तरी कुटं इचारलं?" तुळजाबाई म्हणाली. "तिचं तिनं ठरवायचं म्हणता. तिला नको व्हतं. कशापायी का असंना, नको व्हतं. मी सांगितलं, तुमी न्हाई म्हणलात. तिच्या घरच्यांनी तिला न्हाई इचारलं, आन आपण बी न्हाई."

बाईंनी कप उचलून उरलेला चहा पायरीखाली ओतला.

"चार महिन्यांचं म्हंजी कोण असतंय मॅडम? माणूस असतंय का?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "खरंच माहीत नाही. वीस आठवडे हा आकडा कायदा करणाऱ्यांनी ठरवलाय. कुठंतरी रेघ मारावी लागते, म्हणून मारली. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं, हे जसं आपण ठरवलं, तसंच. मला एवढंच माहीत आहे की समोर बसलेली बाई माणूस असते."

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई नेहमीसारखी कामावर गेली. बाईंनी तिला पुन्हा कधी विचारलं नाही की आतल्या खोलीत बायका काय बोलतात. तिनंही पुन्हा कधी सांगितलं नाही. बायका मात्र थोडं कमी बोलायला लागल्या. नेऱ्याकडच्या तर तिला बघून तोंडच मिटायच्या.

छबूला मुलगी झाली. वर्षाच्या आत नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. तीनही मुलींना घेऊन छबू हिंजवडीजवळ एका खोलीत राहायला लागली आणि एका कंपनीत साफसफाईच्या कामाला लागली. हे सगळं तुळजाबाईला लोकांकडून कळत होतं. ती भेटायला गेली नाही. २००५ साली पौडच्या बाजारात दोघी समोरासमोर आल्या. छबूच्या हाताला धरून तीन-साडेतीन वर्षांची मुलगी चालत होती.

"ही ती," छबू म्हणाली.

"नाव काय?"

"काजल."

मुलीला टोपलीतली बोरं हवी होती, ती आईचा पदर ओढत होती. तुळजाबाईनं बोरं घेऊन तिच्या ओंजळीत घातली. मुलीनं एक तोंडात टाकलं आणि आंबट लागलं म्हणून डोळे मिटले. तुळजाबाई म्हणाली की ती त्या मुलीकडे बघत उभी राहिली आणि आपल्याला आता काहीतरी वाटेल म्हणून वाट बघत राहिली. काही वाटलं नाही. तिनं छबूला तोच प्रश्न पुन्हा विचारला. "तुला काय वाटतंय आता?"

"हिच्याकडं बघितलं की वाटतं बरं झालं," छबू म्हणाली. "माझ्याकडं बघितलं की न्हाई वाटत. दोन्ही खरंच हाय. तुला ह्यातलं कोणतं ऐकायचंय?"

छबू मुलीला घेऊन पुढे गेली.

पुढं तुळजाबाईच्याच घरात वेळ आली. स्नेहल बारावी शिकून सून म्हणून आली होती. दोन मुली झाल्या. धाकटी शाळेत जायला लागली तशी स्नेहलनं बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली आणि जवळच्या एका शाळेच्या ऑफिसात तिला काम मिळालं. २००८च्या फेब्रुवारीत तिला दिवस गेले. कैलास खूश झाला. तुळजाबाईचा नवरा कोंडिबा दोन वाक्यं लागोपाठ बोलायचा नाही, तोही देवळात जाऊन नारळ फोडून आला. औंदा पोरगाच, असं दोघंही धरून चालले होते. कैलासनं तपासणीचं नाव काढलं नव्हतं. पोरगी झाली तर झाली, पण होऊ तर दे, असं तो म्हणायचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे तुळजाबाई मला दोनदा म्हणाली.

एका सकाळी स्नेहल तिच्या पाठोपाठ न्हाणीत आली. "आत्या, मला हे नको हाय."

"का?"

स्नेहलनं जे सांगितलं ते फार नव्हतं. तिला कुणी मारत नव्हतं. घरात खायला-प्यायला होतं. तब्येत चांगली होती. "मला परत पहिल्यापासून सगळं करायचं न्हाई. मी दोघींचं केलंय. मला कामावर जायचंय. एवढंच हाय. ह्याच्याहून मोठं कारण माझ्याकडं न्हाई, आन खोटं मी सांगणार न्हाई."

"कैलासला सांगितलंस?"

"सांगितलं तर ते न्हाई म्हणतील. मंग मी त्यांच्या मनाविरुद्ध करीन. त्यापरीस करून सांगते."

तुळजाबाईनं तोंडावर पाणी मारलं. आपल्या हाडामांसाचं होतं ते. नातू असेल, नात असेल. छबूच्या वेळी ती जशी चालत बाईंच्या खोलीत गेली होती, तशीच ती आता कैलासकडे जाऊ शकली असती. तो गोठ्यातच होता. तिनं मला सांगितलं की त्या क्षणी तिनं आपल्या पायांकडे बघितलं. पाय हलले नाहीत.

"गुरुवारी चल," ती म्हणाली.

गुरुवारी दोघी घोटावडे फाट्याला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी स्नेहलला एकटीला आत घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन त्या तुळजाबाईला म्हणाल्या, "तुम्ही आज सुट्टी घ्या. मी दुसरीला बोलावते." तुळजाबाई म्हणाली, "नको, करते." नवऱ्याची सही लागत नाही, ती सज्ञान बाईची स्वतःचीच लागते, हे तिला दहा वर्षं ठाऊक होतं. स्नेहलनं सही केली ती तिनं बघितली. नंतर ती उशाशी बसली. स्नेहलनं तिचा हात धरला नाही, झटकलाही नाही, नुसता त्याच्या शेजारी आपला हात ठेवला. काम झालं. तुळजाबाई भांडं घेऊन मागं गेली, पिशवीचं तोंड बांधलं, हात धुतले आणि स्नेहलला चहा करून दिला.

"तेव्हा काय वाटलं?" मी विचारलं. माझं रडणं याच्या आधीच होऊन गेलं होतं.

"चहात साखर घातली का न्हाई ते आठवंना. म्हणून परत घातली. लई गोड झाला. तिनं प्याला."

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर स्नेहलनं स्वतःच कैलासला सांगितलं. लपवायचं नाही हे तिनं आधीच ठरवलं होतं. तो तिच्यावर ओरडला नाही. आईसमोर येऊन उभा राहिला.

"माझं बी होतं ते."

"व्हय. तुझं बी होतं," तुळजाबाई म्हणाली.

"मंग मला का न्हाई इचारलं?"

"इचारलं असतं तर काय म्हणला असतास?"

"न्हाई म्हणलो असतो."

"म्हणून."

कैलास खाली बसला. "त्या नेऱ्याच्या बाईच्या टायमाला पळत गेलीस की सांगायला. तवा तुला कळवळा आला. तिला सांगायचं न्हवतं तरी सांगितलंस. आन हितं स्वतःच्या लेकाला सांगायला तुझी जीभ उचलली न्हाई."

"तवा बी मला कळलं न्हवतं काय बरोबर हाय ते," तुळजाबाई म्हणाली. "आता बी कळलेलं न्हाई. तिच्या टायमाला मी तिचं तिला ठरवू दिलं न्हाई. पोरगी जगली, आई मोडली. हिला मी ठरवू दिलं. आता तू मोडला असशील. कुटल्या तरी बाजूला कुणीतरी हाय, कैलास. कुणी न्हाई अशी बाजूच मला घावली न्हाई."

त्यानंतर तो तिच्याशी बोलायचा थांबला. बायकोशी महिनाभरात बोलायला लागला, आईशी नाही. मला ते उलटं वाटायचं. मी स्नेहलला एकदा तसं म्हणालेही. ती म्हणाली, "माझ्यावर रागावून त्यांना चाललं असतं का? पोरींचं, घरचं, सगळं मीच करते. राग कुठंतरी ठेवायला लागतो." मग वही उघडून मुलीचं गणित तपासायला लागली. तिला पश्चात्ताप झाला होता का, हे मी विचारलं नाही. ती कामावर वेळेवर जायची, परत यायची. कधी कधी अंगणात उभी राहून उगाच लांब, लवळ्याच्या डोंगराकडे बघायची. त्याचा अर्थ काय लावायचा मला कळलं नाही, आणि लावायचा मला अधिकार आहे असंही वाटलं नाही.

२००९च्या दिवाळीनंतर तुळजाबाईनं काम सोडलं. डॉक्टरीणबाईंनी तिला थांबायला सांगितलं. ती म्हणाली, गुडघे दुखतात. गुडघे दुखतच होते.

आम्ही गाव सोडायच्या आधी मी तिला शेवटचं विचारलं, कारण मला स्वतःला उत्तर हवं होतं. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं, आणि हवं की नको यावर मनीष आणि मी रोज काहीतरी बोलायचो. "मावशी, इतकी वर्षं तुम्ही ते बघितलंत. मला एखादी बाई विचारायला आली तर मी काय सांगू?"

"सांगू नको," ती म्हणाली. "तिला इचार. आन ती बोलंल ते तिच्यापाशीच ठेव. मला तेवढंबी जमलं न्हाई."

आम्ही सामान बांधत होतो त्या सकाळची गोष्ट. मे महिना होता, विहिरीनं तळ गाठला होता आणि सगळ्या खोल्यांना टँकरनं पाणी येत होतं. तुळजाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. कैलास मोटारसायकल काढत होता. स्नेहल कामावर गेली होती, मुली सुट्टीला आजोळी. त्यानं इकडेतिकडे बघितलं. सांगायला घरचं दुसरं कुणी नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "अकराला टँकर येईल. टाकीचं झाकण काढून ठेव."

तुळजाबाईनं मान वर केली नाही. "ठेवते," ती म्हणाली.

तो गेला. तिनं ताटातला एक खडा वेचून अंगणात टाकला. थोड्या वेळानं ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि टाकीकडे गेली. झाकण सिमेंटचं, जड होतं. मी धरू लागायला पुढं झाले, तोवर तिनं ते सरकवलं होतं.